पुढचं डावं चाक

टायरवाल्याच्या दुकानातून नवा टायर शेवटचा कधी विकला गेला, ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. सीमेपलीकडे टायर निम्म्या भावात मिळत आणि सीमा होती जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर. सुटा टायर घेऊन परत येणाऱ्याला नाक्यावर जकात भरावी लागे. पण गाडीला लागलेल्या टायरला कोण काय म्हणणार? तेव्हा लोकांनी आपली एक रीत पाडली होती. जाताना गाडीला टक्कल पडलेले टायर लावायचे, पलीकडे नवे कोरे बसवून घ्यायचे, जुने तिथेच टाकायचे आणि येताना नव्यांवर थोडा चिखल फासून साळसूद चेहऱ्यानं नाका ओलांडायचा. घरी आलं की नवे उतरवून विकायचे, पुन्हा टकले चढवायचे. हे चढवणं-उतरवणं एवढंच काम आता टायरवाल्याकडे उरलं होतं. दुकानामागे घासलेल्या टायरांचा ढीग होता. ज्या उद्योगानं त्याचं दुकान बुडवलं, त्याच उद्योगाला तो मुकाट्यानं माल पुरवत होता.

त्यातही त्याचा एक नियम होता. टायर टकला असला तरी जाऊन पोचेल असाच द्यायचा. तो डोळे मिटून टायरच्या आतून तळवा फिरवी. कुठे तार लागली की तो टायर बाजूला. आणि कडेला फुगा आलेला असला, तर रबर कापायच्या सुरीनं तिथेच उभा चिरायचा, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाच्या गाडीला लागायला नको. बापानं शिकवलेलं होतं. धाकट्या बहिणीलाही शिकवलं होतं. लहानपणी ती भावापेक्षा लवकर फुगा ओळखायची.

त्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं फडक्यात गुंडाळलेली होती.

"दादा, यांना उद्या पलीकडे जायचंय. आज चार वाजता गाडी घेऊन येतील. टायर काढून ठेव म्हणालेत."

"बोटांना काय झालं?"

"गाडीच्या दारात सापडली."

"दार कुणी लावलं?"

तिला खोटं बोलता येत नसे. हा तिचा गुण होता की खोड, यावर दोन्ही घरांत वाद होता. ती म्हणाली, "त्यांनी. मनगट धरलं आणि लावलं."

टायरवाला हातातला पाना खाली ठेवायलाही विसरला.

गोष्ट मागच्या खेपेची होती. तेलाचे डबे माणशी दोनच आणायची परवानगी होती, म्हणून दाजी दर खेपेला बायकोला बरोबर नेई. परतताना नाक्यावरच्या साहेबानं सहज विचारलं होतं, "एवढंच ना?" आणि ही बाई म्हणाली होती, "नाही, सीटखाली अजून सहा आहेत." डबे गेले, दंड झाला, मागच्या गाड्यांतले लोक पोट धरून हसले. दाजी वाटेत एक शब्द बोलला नाही. घराच्या दारात गाडी थांबली, ती उतरली, आणि मग दार लागलं.

"तू परत जाऊ नकोस त्याच्याकडे."

"मग कुठे जाऊ? या ढिगावर झोपू?" ती हसली. मग म्हणाली, "उद्या मी नाही जात. एकटेच जाणारेत. तेवढाच एक दिवस शांतता." आणि जाता जाता ढिगातला वरचा टायर पायानं ढकलून म्हणाली, "हा चीर आधी. फुगा आलाय याला."

टायरवाल्यानं तो चिरला नाही. नंतर चिरू म्हणून ठेवला, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात होतं.

चार वाजता दाजी आला. कानाला फोन, शर्टाची इस्त्री कडक.

"काय मेहुणे, आहेत ना टकले? तुमच्या डोक्याला लाजवतील असे द्या."

टायरवाला जॅक लावत म्हणाला, "दाजी, मागच्या खेपेला दंड गेला, पेट्रोल गेलं, अख्खा दिवस गेला. परवडतं तरी का हे?"

"तुम्ही महिनाभर हवा भरून जेवढं कमावता, तेवढं माझं चार टायरांत सुटतं. आणि दंडाचं म्हणाल, तर तो तुमच्या खानदानी सत्यवचनामुळे. म्हणून उद्या एकटाच चाललोय. डोकं कमी, डोकेदुखीही कमी!"

"तिची बोटं सुजलीत."

"सुजणारच." दाजीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "काहींना दुखल्याशिवाय कळत नाही. जरा हात चालवा, मला निघायचंय."

तीन टायर टायरवाल्यानं नेहमीसारखे पारखून लावले. चौथ्यासाठी तो मागे गेला. फुगा आलेला टायर बाजूला पडला होता. त्यानं कडेवर अंगठा दाबला. गळवासारखं मऊ लागलं. नाक्याच्या अलीकडच्या रस्त्यावर इतके खड्डे, की कुणी तीसच्या वर जात नसे. तिथे हा फुटला नसता. पण नाका ओलांडला की रस्ता गुळगुळीत, सहा पदरी, आणि पलीकडे पोचला की दाजी गाडी सोडायचा ती सव्वाशेवर. पुढचं डावं चाक त्या वेगात फुटलं, तर गाडी कुठे जाऊन आदळेल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. असे दोन जण त्यानं पाहिले होते. एकाला पत्रा कापून काढावं लागलं होतं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

फुगा आतल्या बाजूला येईल असा त्यानं तो चढवला. सगळे नट एकेक करून आवळले. बऱ्याच दिवसांनी एखादं काम नीट केल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी सात वाजता तो शटर वर करत होता, तेव्हा दाजीची आई दुधाची पिशवी घेऊन लंगडत समोरून आली.

"पोचला असेल ना माझा लेक नाक्यावर? सहालाच निघाली दोघं."

"दोघं?"

"मीच म्हटलं, घेऊन जा तिलाही. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या माणशी दोनच पाकिटं देतात बाबा. तेवढं तोंड बंद ठेव म्हटलं तिला." म्हातारी थांबली. "अहो, काय झालं? असे काय बघताय?"

टायरवाल्यानं बहिणीला फोन लावला. वाजत राहिला. दाजीला लावला, दाजीनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग त्यानं शटर तसंच अर्धं सोडलं आणि स्कूटरला लाथ मारली. रबर कापायची सुरी नेहमीसारखी कमरेला होती, ती काढायचंही भान नव्हतं.

पंचेचाळीस किलोमीटरमध्ये तो दोनदा पडला. पहिल्यांदा कोपर सोललं, दुसऱ्यांदा गुडघा खडीवर फुटून विजार पायाला चिकटली. डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. पत्रा कापणारी ती करवत, आणि तिच्या पलीकडे फडक्यात गुंडाळलेली दोन बोटं.

सुटीचा दिवस असल्यानं नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. लोक खिडकीतून हात काढून बसले होते, कुणी यादी वाचत होतं, कुणी बिस्किटं खात होतं. दाजीची गाडी दांडीपासून चौथी होती. टायरवाला स्कूटर आडवी टाकून धावला.

"दाजी, टायर बदला! पुढचा डावा! आत्ताच्या आत्ता!"

दाजीनं काच अर्धी खाली केली. "काल तुम्हीच लावलात ना मेहुणे? रात्रीत काय स्वप्न पडलं?"

"फुटेल तो. ऐका माझं."

"पलीकडे जाऊन बदलायचेच आहेत ना! त्यासाठीच चाललोय." तो बायकोकडे वळला. "बघ गं, तुझ्या भावाला आता आपली काळजी वाटायला लागली."

"उतर तू," टायरवाला बहिणीला म्हणाला. "उतर गाडीतून!"

"काय झालंय दादा? गुडघ्यातून रक्त येतंय तुझ्या."

"उतर म्हणतो ना!"

तिनं दाराला हात घातला, तसं दाजीनं तिचं मनगट पकडलं, फडकं बांधलेल्या हाताचं. ती कळवळली. दाजीनं कळ दाबून दारं बंद केली आणि काच वर केली. पुढच्या तीन गाड्या भराभर सुटल्या. गाडी दांडीपाशी सरकली. शिपायानं कागद बघितले, परत दिले आणि दांडी उचलली.

टायरवाल्यानं चाकापुढे गुडघे टेकले, सुरी दोन्ही हातांनी धरली आणि कडेमधून फुग्याच्या दिशेनं मुठीपर्यंत घातली.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. रांगेतले लोक किंचाळत गाड्यांमागे लपले. सुरी उलटी उसळून त्याचा गाल कानापर्यंत उघडा करून गेली. उजवं मनगट विचित्र कोनात वळलं होतं आणि तो ते कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं बघत होता.

दाजी उतरून गाडीपुढून वळसा घालून आला तो चाकाचा पाना हातात घेऊनच. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं टायरवाल्याला दुखण्याआधी ऐकू आलं. दुसरा पाठीत. "माझी गाडी फोडतोस? माझी?" दाजी दर घावाला तेवढंच म्हणत होता. तिसऱ्या घावाला टायरवाला सरपटत गाडीकडे वळला. मारता मारता तोल जाऊन दाजीनं आधाराला डावा हात बायकोनं उतरायला उघडलेल्या दाराच्या चौकटीवर ठेवला होता. ती चार बोटं टायरवाल्याला दिसली. त्यानं पडल्या पडल्या पाय आखडला आणि सगळ्या ताकदीनं दारावर लाथ घातली.

काड्या मोडाव्यात तसा आवाज आला. दाजीचं ओरडणं त्यानंतर आलं, बऱ्याच वेळानं आल्यासारखं.

टायरवाल्यानं दार उघडू दिलं नाही. तळपाय दाबून तो दार रेटत राहिला. "दुखल्याशिवाय कळत नाही ना?" तो दातांतून म्हणाला. तोंडात रक्त होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "कळलं का? कळलं का आता?"

"थांब! दादा, थांब!"

दाजीच्या बाजूच्या दारानं उतरून बहीण गाडीला वळसा घालून आली होती. तिनं त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बाजूला ओढला. तोवर शिपाई काठ्या घेऊन धावले, आणि कोण मारणारा, कोण मार खाणारा, याची चौकशी न करता दोघांनाही झोडपून काढलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, त्यांना बाजूला घेऊन मारा, आमची रांग सोडा! दुकानं बंद होतील तिकडची!"

मार थांबल्यावर बहीण चाकाशी बसली. फाटलेल्या टायरात तिनं चांगला हात घातला. डोळे मिटून तळवा आतून फिरवला आणि एका जागी थांबवला.

"दादा, हा तोच आहे."

त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं.

"मी तुला चीर म्हणाले होते, तोच. तू हातानं बघितला होतास?"

"बघितला होता."

"आणि लावलास."

"तू जाणार नव्हतीस," तो म्हणाला. "तूच म्हणालीस, एकटेच जाणारेत."

त्याला वाटलं, ती रडेल. निदान आपल्या गालावर काहीतरी बांधेल. ती म्हणाली, "मी काल तुझ्याकडे आले, ते मला काय झालं ते सांगायला आले. तू विचारलंस का, की मला काय हवंय?"

नाक्यावरचा साहेब तोवर बाहेर आला होता. मागच्या खेपेचाच. त्यानं तिला ओळखलं. बाकी कुणाला विचारण्यात अर्थ नाही हेही त्याला कळलं असावं. "बाई, तुम्हीच सांगा. काय झालं?"

दाजीनं मोडका हात छातीशी धरून मान वर केली. टायरवाल्यानंही. दोघांच्या डोळ्यांत एकच विनंती होती.

"हे माझे यजमान," ती म्हणाली. "यांनी माझी बोटं दारात घालून चिरडली. हा माझा भाऊ. यानं यांना मारायला फुगा आलेला टायर मुद्दाम लावला, आणि मी गाडीत आहे कळल्यावर फोडला. आत्ताची मारामारी तुम्ही बघितलीच." तिनं फडकं सोडून हात पुढे केला. काळीनिळी बोटं बघून साहेबानं मान फिरवली. "आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. लिहून घ्या, मी सही करते."

मग तिनं भावाच्या खिशात हात घालून दुकानाची आणि स्कूटरची किल्ली काढून घेतली.

दोघांना साहेबाच्या खोलीत खिडकीजवळच्या एकाच बाकावर बसवलं होतं. डॉक्टर यायचा होता. दाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "मेहुणे, त्या टायरला खरंच फुगा होता?"

"होता."

"आणि पलीकडे जाऊन..."

"पलीकडे जाऊन फुटला असता."

दाजी बाकावर सरकता येईल तितका दूर सरकला. बाहेर दांडी वर-खाली होत होती. एकामागून एक गाड्या टकल्या चाकांवर पलीकडे चालल्या होत्या. टायरवाल्यानं सवयीनं त्यांच्या चाकांकडे बघितलं. कितीतरी त्याच्याच ढिगातली होती.

बहीण रस्त्याकडेला पडलेल्या स्कूटरपाशी गेली. ती तिनं एका हातानं उभी केली, आरसा सरळ केला. आता बसेल आणि जाईल असं टायरवाल्याला वाटलं. पण ती बसली नाही. ती खाली वाकली आणि त्यानं स्वतः बसवलेला पुढचा टायर अंगठ्यानं सगळीकडून दाबून बघितला. मग मागचा. पुन्हा एकदा पुढचा.

त्यानंतरच तिनं किल्ली लावली.