अर्धा आटा

रिठदचे बबनराव मोटर घेऊन वाशिमला फुलचंद मिस्त्रीकडे आले, तेव्हा मागल्या आसातून आवाज यायला लागून आठ दिवस झाले होते. गाडी निघाली की एकदा टक्, मागं घेतली की पुन्हा एकदा टक्. मधल्या वेळात सारं गुपचूप.

बबनरावांशी बोलणारी माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त व्हायची. भाऊ बांधावरून तुटले, शेजारी कोंबडीवरून. बायको तुळसाबाई चार वर्षांपूर्वी गेली. लेक विजयमाला लांब अमरावतीकडे दिलेली. तिच्या कार्डात मजकुरापेक्षा पत्ताच मोठा. उरला हेमसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यातला हा गडी वीस वर्षं त्यांची बैलांची धमणी हाकत होता. मोटर आली तेव्हा बैल विकले. हेमसिंग विकता येण्यासारखा नव्हता, म्हणून राहिला. मोटर बबनराव चालवत. धुणं, पाणी भरणं, चाकं पाहणं हेमसिंगकडे. गाडी थांबली की तो उतरून मागल्या चाकाला दगड लावी, सपाट जागेवरसुद्धा, आणि मागूनच 'लावला, मालक' म्हणे. बैल नसलेल्या गाडीचा त्याला भरवसा नव्हता. वाटेनं दोघं बोलत. म्हणजे बबनराव गावाला नावं ठेवत आणि हेमसिंग बरोबर जागा पाहून हुंकार भरी. त्याचं काही चुकलं की बबनराव त्याला मनसोक्त शिव्या देत. एवढ्यावर त्यांचा दिवस निघून जाई.

आवाजाची तीन निदानं बबनराव वाटेतच तयार करून आले होते. फुलचंदनं तिन्ही शांतपणे ऐकली आणि एकही मनावर घेतलं नाही. मागल्या डाव्या चाकाची टोपी काढून त्यानं आसाच्या टोकापासून चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली आणि चाकाशेजारी आडवा झाला. बबनरावांनी गाडी हातभर पुढं घेतली. टक्. हातभर मागं. टक्. मिस्त्रीनं बोटानं दाखवलं. रेघ मधोमध तुटली होती. आस केसभर आधी फिरत होता, चाक त्याच्या मागून.

नट अर्धा आटा ढिला निघाला.

"हे चाक कोणं खोललं व्हतं?" फुलचंदनं विचारलं. "त्याले पुन्हा हात लावू देऊ नोका. रिसोडच्या उतारावर चाक तुमच्या आधी घरी जाईन."

आठ दिवसांपूर्वी वंगण घालायला ते हेमसिंगनंच खोललं होतं. तो दगड हातात घेऊन तिथंच उभा होता. बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मिस्त्रीनं याला नालायक ठरवलं तर हा तांड्याची वाट धरील, एवढंच त्यांना दिसलं.

"म्याच खोललं व्हतं," ते म्हणाले.

फुलचंदनं त्यांची स्वच्छ नखं पाहिली आणि नट आवळायला घेतला.

हेमसिंग पुढं आला. "मालक, ते म्या ढिलं केलं. चाकाले खेळ पायजे, नाही तं आस जळते. धमणीले वीस वर्सं तसंच करत आलो."

"मले माईत हाय."

"मंग खोटं काहून बोलले?"

"चारचौघात तुले कायले लाजवू?"

हेमसिंगनं दगड या हातातून त्या हातात घेतला. "वीस वर्सं चुकलो तं शिव्या देल्ल्या तुमी. आज इतकी मोठी चूक झाली, अन् शिवी बी नाही. म्हंजे मी आता कामाचा नाही राह्यलो."

एक सणसणीत शिवी बबनरावांच्या ओठांवर आली होती. तेवढ्यानं तो थांबलाही असता. पण मिस्त्री ऐकत होता आणि खोटं नुकतंच बोलून झालं होतं. हेमसिंगनं दगड पुढच्या सीटवर, आपल्या जागी ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि मानोऱ्याच्या रस्त्याला लागला.

परतीच्या वाटेवर गाडी बिलकुल वाजली नाही. बबनराव दोन ठिकाणी थांबले, गाडी मुद्दाम मागं घेऊन पाहिली. मिस्त्रीचं काम पक्कं होतं.

घरासमोर गाडी उभी केल्यावर ते नेहमीसारखे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मागून कोणी 'लावला, मालक' म्हटलं नाही. मग स्वतःच उतरले, सीटवरचा दगड उचलला, मागल्या चाकाला लावला. आणि वाशिमला द्यायची राहिलेली शिवी वाकल्या वाकल्याच हळूच दिली.