लाभार्थी भिवराबाई

"भाऊजी, आज तरी ट्रॅक्टर लावा. रानातली ओल उडून चालली."

भिवराबाईनं चौथ्या दिवशी चौथ्यांदा हे म्हणलं, तवा बबनराव ओट्यावर बसून दात कोरीत होता. त्यानं काडी थुंकली.

"टाईम न्हाई वयनी. आधी मपलं तीस एकर होऊ द्या."

"दोन एकराला कितीसा टाईम लागतो? तासाभराचं तर काम."

"तासाभराचं हाय तर हातानं टोकून घ्या की!" असं म्हणून तो खदाखदा हसला.

आमच्या लिंबारवाडीत हसायचा हक्क त्याचाच. दिंद्रुडच्या हाटेलात माणसांना चहा पाजून पाजून तो सोसायटीचा चेरमन झाला. तवापासून सरकारची कुठली बी योजना निघो, ती गावात शिरली की सरळ ह्याच्याच दारात येऊन बसायची. ठिबक ह्याला, शेततळं ह्याला, कांदाचाळ ह्याला. त्या चाळीत कांदा कधी कुणी बघितला न्हाई, ह्याची म्हैस मातर तिथं दोनदा व्याली. बाकीच्यांनी फारम भरले की "लॉटरीत नंबर न्हाई लागला" असं उत्तर यायचं. ह्याचा नंबर कसा चुकत नव्हता, ते देवाला अन् कॉम्प्युटरला ठावं.

भिवराबाई ह्याच्या चुलतभावाची बायको. ज्ञानोबा जाऊन सहा वर्षं झाली, बैलं तर त्याच्या दुखण्यातच गेली. दिवाळी झाली की बाई टोळीबरोबर ऊस तोडायला जायची, अन् मनिषा, तिची दहावीतली लेक, मावशीकडं ऱ्हायची. जायच्या आधी मालदांडी जवारी पेरून झाली तर घरात वर्षाची भाकर. मायलेकींनी तण उपटून उपटून रान तळहातासारखं केलं होतं. आता निस्तं पेरायचं राहिलं होतं, अन् वरचं ऊन असं की ढेकूळ दुपारपर्यंत पांढरं पडत होतं.

बबनरावाचं उत्तर ऐकून ती मुकाट त्याच्याच रानात कापूस वेचाय गेली. मजुरी तरी बुडाय नको.

दुपार कलली तशी बबनरावाची बायको मुक्ताबाई बांधावरून पळत आली. काखेत कोरी साडी.

"जाऊबाई, चला बिगीबिगी. तोंड धुवा, ही साडी नेसा."

"कावून गं? कुनाचं लगीन हाय?"

"सरकारचा माणूस आलाय. तुमचा फोटो काढायचाय म्हनं. ह्यांनी सांगितलंय, निस्तं हुबं ऱ्हायचं, बोलायचं न्हाई."

भिवराबाईनं साडीकडं बघितलं, मुक्ताबाईकडं बघितलं, अन् तशीच निघाली. डोक्यात कापसाचं बोंड, पदराला काटक्या.

बबनरावाच्या अंगणात ट्रॅक्टर धुऊनपुसून हुबं होतं. मागं पेरणीयंत्र, बोनेटला झेंडूचा हार. जवळ हातात मोबाईल धरलेला कृषी सहायक, जीवनसाहेब. पोरगेला माणूस, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेला. शाळेतनं परतलेली मनिषा बी गर्दीत हुबी होती. ट्रॅक्टरवर नवी पाटी डकवली होती. ती पोरीनं मोठ्यानं वाचली:

"लाभार्थी, श्रीमती भिवराबाई ज्ञानोबा ठोंबरे. महिला शेतकरी." मग ती आईकडं वळली. "आये, ह्ये तुझं नाव हाय."

बबनरावाचं तोंड जरा उतरलं. साहेब मातर खूश होऊन म्हणला, "नमस्कार बाई. बायांना अनुदान जास्त मिळतं, ते तुम्ही बरोबर हेरलं. ट्रॅक्टर कसा चालतो?"

भिवराबाईच्या ध्यानात आलं. मागच्या उन्हाळ्यात पिकाचा इमा भरायचा म्हणून बबनरावानं तिचा सातबारा, आधार नेलता अन् मशिनीवर आंगठा लावून घेतलता. इम्याचं पुढं काहीच आलं न्हाई. ते हे व्हय! चार दिवस ज्या ट्रॅक्टरापायी ती ह्याच्या ओट्याला हात जोडत होती, ते तिचंच निघालं होतं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

बबनराव कानापाशी आला. "वयनी, घरातली गोष्ट घरात. तोंड उघडलं तर उद्यापासून येचनीला यायचं न्हाई."

बाईनं क्षणभर इचार केला. खोटं हाय म्हणलं तर चौकशी बसल. अन् आपल्याकडं चौकशी एकदा बसली की उठत न्हाई, ते सगळ्या तालुक्याला ठावं. तवर ओल थांबती व्हय?

तिनं पदर खोचला.

"मपलंच हाय साहेब. लई चांगलं चालतं. पर फोटो हितं अंगणात कावून? मपल्या रानात पेरताना काढा की."

"बरोबर बोललात," साहेब म्हणला. "चालत्या यंत्राचाच फोटो लागतो. आहे कुठं रान?"

"डायव्हर तेलगावला गेलाय साहेब," बबनराव घाईनं बोलला. "उद्या बघू."

"उद्या मला दुसरं गाव आहे. मग पुढच्या महिन्यात येतो. तोवर अनुदान थांबेल."

अनुदान थांबेल म्हणताच बबनरावानं खिशातली ट्रॅक्टरची चावी चाचपली.

"भाऊजी हाकत्यात की," भिवराबाई सरळ तोंडानं म्हणली. "घरचाच माणूस हाय."

पोरंसोरं फिसफिस हसली. पांढराशुभ्र कडक इस्तरीचा चेरमन ट्रॅक्टरवर चढला. पाटलीणबायांसारखा कपडे सावरीत चढला, अन् सगळं गाव मागं निघालं. एरवी सभेला बोलावून माणूस येत नव्हतं.

रानात मायलेकींनी यंत्रात बी भरलं. बबनरावानं जन्मात कधी पेरणीचं तास धरलं नव्हतं. पहिलंच तास सापासारखं वळवळत गेलं.

"भाऊजी, नीट हाका! सरकारचं ट्रॅक्टर हाय, बांधावर चढवू नका!"

धुराळ्यानं त्याचा सदरा मातकट झाला. दोन फेऱ्या होताच त्यानं ट्रॅक्टर थांबवलं.

"झाला न्हवं फोटो, साहेब?"

साहेबानं मान डोलावली. भिवराबाई मातर अनुदानाच्या कागदाला आंगठा देईना.

"दोन्ही एकर होऊ द्या, मग देते. अन् गाडीचं बुक बी मपल्याकडं द्या. नाव मपलं, तर कागद मपल्या पेटीत."

बबनरावानं साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणला, "मालकीण त्याच आहेत ना?"

ह्याला 'नाही' कसं म्हणावं? चेरमननं दात खाऊन पुन्हा इंजन चालू केलं. दिवस मावळायच्या आत शेवटचं तास पडलं. सगळी तासं वाकडी, पर बी ओलीत पडलं होतं. सदऱ्याच्या खिशातनं बुक निघालं, मनिषानं त्यावरचं नाव दोनदा वाचून दप्तरात घातलं, अन् भिवराबाईनं आंगठा उठवला.

साहेबानं मोबाईलमधला फारम उघडला. "शेवटचा रकाना. योजनेचा काय फायदा झाला? तुमच्या शब्दांत सांगा."

भिवराबाईनं बांधावर बसून डोळ्यातली माती पुसणाऱ्या बबनरावाकडं बघितलं.

"लिवा साहेब," ती म्हणली, "आमच्या गावातला एक रिकामा माणूस कामाला लागला."