बेचाळीस खून आणि एक माळी

लेकीचं लग्न ठरवायला माणसं येणार म्हटलं की बाप कपाटातला बरा शर्ट काढतो आणि शहाण्यासारखा गप्प बसतो. मीही तेच ठरवलं होतं. पण मी पडलो मालिकेतला खलनायक. नऊ वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात घुसून मी माणसं मारली. मालिकेत मी 'मालक'. आता खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर माझं लक्षही जात नाही.

मुलगा दातांचा डॉक्टर, स्वभावाने गरीब. लेकीने स्वतःच पसंत केलेला. त्याचे वडील निवृत्त न्यायाधीश. आणि आई? आई आमच्या मालिकेची कट्टर प्रेक्षक. घोळ झाला तो इथेच. बाई सोफ्यावर टेकायलाही तयार होईनात.

"खुन्याची मुलगी सून म्हणून आणू मी?" त्या उभ्या-उभ्याच म्हणाल्या.

"अहो, ते खोटं असतं सगळं," माझी बायको चहाचा ट्रे धरून म्हणाली.

"खोटं कसलं? त्रेचाळीस माणसं मारलीत यांनी. मी वही ठेवलीये."

पर्समधून खरंच वही निघाली. तारीखवार, समासासकट. मी कपाळाला हात लावला.

न्यायाधीशांचे डोळे मात्र चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर कुणी उभं राहिलं नव्हतं. "रीतसर ठरवू या," चष्मा पुसत ते म्हणाले. "यातले गुन्हे किती, ते बघू. मग लग्नाचं."

"बाबांची बाजू मी मांडते," लेक म्हणाली. दोन वर्षं वकिली करते ती. तिचं लग्न, तिचाच खटला आणि आरोपी मी. मुलगा बिचारा बिस्किट हातात धरून बसला होता.

मग पोरीने जे काय चालवलं! भागीदाराला विहिरीत ढकललं? प्रेत सापडलं नाही, आणि दोनशे भागांनंतर तो दाढी वाढवून परत आला. मेव्हण्याला विष? विष मेव्हण्यानेच आणलं होतं, बाबांनी फक्त पेले बदलले, म्हणजे स्वसंरक्षण. गोदामाच्या आगीत अकरा जण? न्यायाधीश मान हलवत म्हणाले, "फार तर सदोष मनुष्यवध." लेक म्हणाली, "त्यातही मालिकेतल्या कोर्टाने निर्दोष सोडलंय, आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही." बाई एकेका खुनावर नाइलाजाने काट मारत होत्या. माझी छाती फुगत चालली होती. बेचाळीस खून धुऊन निघाले.

"आता माळी," बाई म्हणाल्या.

लेक कागद सरळ करत म्हणाली, "यावर बचावपक्षाला काही म्हणायचं नाही."

"हेतू काय होता?" न्यायाधीशांनी मला विचारलं. "त्याने काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. जमिनीचा वाद नाही, बाईचं प्रकरण नाही. हेतूशिवाय खून मला पचत नाही."

"लेखकाला विचारा," मी म्हणालो.

"मी दोन दिवस जेवले नाही," बाईंचा आवाज चढला. "काय माणूस होता! 'पाणी घातलं, मालक,' एवढंच बोलायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. तो शेजारी उभा राहिला की तुम्ही दिसायचाच नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "म्हणूनच मारला!"

ट्रे बायकोच्या हातात तसाच राहिला. आता बोललोच होतो, तर पुढचंही बोललो. पत्रं त्याला यायची. सही त्याची मागायचे. तीन शब्दांच्या म्हाताऱ्याने माझी पानंच्या पानं खाऊन टाकली. मी लेखकाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, याला उडवा, नाहीतर मी उद्यापासून येत नाही. आठ दिवसांत उडवला. सांगताना मला लाज वाटत होती, आणि तरी अजून रागही येत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. "हेतू सिद्ध झाला," ते म्हणाले. "हा गुन्हा आहे. आणि मालकाने केलेला नाही."

मी लेकीकडे बघायचं टाळलं. लग्न मोडलं असं मी धरून चाललो. पण बाई इतक्या वेळाने पहिल्यांदा सोफ्यावर बसल्या.

"लग्न होईल," त्या म्हणाल्या. "पहिली पत्रिका त्या माळीबाबांना. आणि द्यायला तुम्ही स्वतः जायचं."

"कुठे जाऊ? मला काय माहीत तो कुठे असतो?" त्याला उडवल्याला सहा वर्षं झाली, मी एकदाही विचारलं नव्हतं.

"रोपवाटिकेत," लेक म्हणाली. "त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. आता खरोखरच झाडांना पाणी घालतात. मी जाते अधूनमधून."

मी आता तिच्याकडे वळलो. "त्याला माहितीये? उडवायला कुणी सांगितलं ते?"

"लेखकानेच सांगितलं, त्याच आठवड्यात. मला त्यांच्याकडून कळलं."

"चिडलाय?"

"नाही हो." तिने माझ्या हातात चहाचा कप दिला. "म्हणतात, तुझ्या बाबांनी नऊ वर्षांत एकदाच खरं काम केलं, माझा गळा दाबताना."