हॉल मोकळा झाला

लोक तिला आवरवाली म्हणत. दुसऱ्यांची घरं आवरून राहण्याजोगी करून देणं हा तिचा धंदा, आणि स्वतःच्या घरातल्या खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, ही तिच्या नवऱ्याची आवडती तक्रार. कामात मात्र ती चोख होती. वस्तूंवर तिचा जीव जडत नसे, आणि ज्यांचा जडे त्यांच्याशी ती हुज्जत घालत नसे.

या घरात एकटी म्हातारी राहत होती. हॉलमध्ये दिवाण, शिवणयंत्र, ट्रंका, बंद पडलेला फ्रिज, सगळं भिंतीकडेने एकमेकांना खेटून. प्लंबरने सरकवलेल्या स्टुलाला अडखळून म्हातारी पडली आणि लेकीने निकाल लावला, "एक तर हा पसारा जाईल, नाहीतर तू माझ्याकडे येशील." म्हातारीला जावयाच्या नव्या घरात पाहुण्यासारखं बसून राहायचं नव्हतं. तिने मुकाट्याने मान डोलावली.

आवरवालीला नवल वाटलं. लोक तुटक्या कपासाठीही हमरीतुमरीवर येतात, इथे काय काय जातंय ते म्हातारी बघतसुद्धा नव्हती. एवढंच म्हणाली, "यंत्र राहू दे ना. कडेलाच तर आहे."

"मावशी, ते गेलं की किती सुटसुटीत होईल बघा."

म्हातारी शेजारणीकडे राहायला गेली. भंगारवाल्याने टेम्पो भरून नेला, भिंतींना रंग लागला, खिडकीशी नवा सोफा आला. मधे नुसती लखलखीत फरशी. आवरवाली स्वतःवर खूश होती, आणि का नसावी?

लेक आईला घेऊन आली. हॉल पाहून हरखली, आईचा हात सोडून पुढे धावली. "ये गं, सोफ्यावर बस!"

म्हातारी आत आली आणि थांबली. तिचा उजवा हात कमरेएवढ्या उंचीवर पुढे गेला, चाचपडला, मागे आला. मग डावा. तोंडावर हसू होतं, पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

आवरवालीची नजर त्या हातांवर खिळली. घरातली एकूणएक वस्तू तिने मोजली होती. घरातलं माणूस चालतं कसं, तेवढं पाहिलं नव्हतं.

"काम बाकी आहे अजून," ती घाईघाईने लेकीला म्हणाली. "थोडं सामान यायचंय."

"नको गं पोरी, पांघरूण घालूस," म्हातारी म्हणाली. "मला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढाच."

लेकीचा चेहरा पडला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर राहू दिलं असतंस इथे?"

 लेक एकदम भडकली. "आता तर मुळीच नाही. आजच्या आज चल माझ्याकडे!"

"येते," म्हातारी म्हणाली. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं तिच्यात. "तुझ्या नव्या घरात संडासाकडे कुठून जायचं, तेवढं सांगून ठेव."

लेक मोकळ्या भिंतींकडे बघत राहिली. आवरवालीला लेकीचा रागही आला आणि कीवही, आणि स्वतःचा तर त्याहून जास्त राग आला.

"आई," लेक शेवटी म्हणाली, "दारातून शिरल्यावर हाताला पहिलं काय लागायचं?"

"यंत्र. उजवीकडे. मग दिवाण."

लेकीने पदर खोचला आणि नव्या सोफ्याचं एक टोक धरलं. दुसरं आवरवालीने उचललं, आणि दोघींनी तो दाराच्या उजव्या भिंतीकडे वळवला.