सोमवारची नवरी

पपांनी घडीची खुर्ची वाळूत रोवली, समुद्राकडे पाठ केली आणि संत्रं सोलायला घेतलं.

"समुद्र तिकडं आहे, आजोबा," नोएमी म्हणाली.

"पळून जातोय का तो? मी रस्त्यावर लक्ष ठेवतो. नारळाचं आइस्क्रीम त्या बाजूनं येतं."

नोएमीची आई रोझलिन हसली. सालीनचा किनारा रविवारी असतो तसाच गजबजला होता. सेंत-आन गावातली निम्मी घरं भाताच्या पातेल्यांसकट आणि आज्यांच्या उशांसकट इथं येऊन पडली होती. रोझलिनचा नवरा यान तेवढ्या वेळात उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता. तांबडा पट्टा मारलेल्या झाडाच्या सावलीत तो टॉवेल पसरायला निघाला, तेव्हा पपांनीच त्याला दंडाला धरून ओढलं. त्या झाडाचा चीक अंगावर पडला की फोड येतात, हे जावयाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

समुद्रापलीकडच्या नांत शहरात, हिवाळ्यात झोप आली नाही की रोझलिन याच किनाऱ्यावर मनाने फिरायची. आता पाय खरोखर या वाळूत होते, तरी तिचं चित्त इथं नव्हतं. ते उद्याच्या सोमवारात अडकलं होतं.

नोव्हेंबरमध्ये पपा फोनवर म्हणाले होते, "यंदा सोमवारी बाहेर पडावं म्हणतो. येणार असलीस तर हॅट घेऊन ये." तिने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली, यानला न विचारता. तो बिचारा समजत होता की आपण समुद्रात डुंबायला आलोय.

कार्निव्हलच्या सोमवारी या बेटावरचे बाप्ये नवरी होतात आणि बायका नवरदेव. लग्न खोटं, पण थाट खरा. पपा दरवर्षी आईचा लग्नातला झगा घालत आणि आई पपांचा काळा सूट. डोक्यावर पपांची लग्नातली उंच काळी हॅट. ती आईला मोठी व्हायची, म्हणून आतून वर्तमानपत्राची घडी घातलेली. चर्चच्या पायऱ्यांवर खोटा पाद्री विचारायचा, हा नवरा पसंत आहे का? नवरीने नाही म्हणायचं, ही रीत. पपा नुसतं नाही म्हणत नसत, कारण सांगत. एके वर्षी म्हणाले, हा मला रोज उकडलेला फणस खायला घालतो. दुसऱ्या वर्षी म्हणाले, याच्या आईला मिशा आहेत, आणि आजी समोरच उभी होती. अख्खं गाव त्या कारणासाठी ताटकळत असे. मग आई नवरीचा कान धरून तिला चौकातून फरफटत न्यायची आणि मागे ढोल सुरू व्हायचे. छोटी रोझलिन आईच्या कोटाचं टोक धरून पळायची. त्या दिवशी घरात दोन पक्ष पडत, आणि ती कायम नवऱ्याकडची.

पुढे ती नांतला गेली. दर जानेवारीत आई फोनवर विचारायची, "सोमवारी येतेस का?" कधी सुट्टी नसायची, कधी नोएमीचा कान फुटलेला असायचा. पुढच्या वर्षी नक्की, असं रोझलिन म्हणायची आणि तेव्हा ते तिला खरंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आई गेली. मातीला आलेली रोझलिन परतताना कपाटातली हॅट घेऊन गेली, कुणाला न विचारता. पपांनीही नोव्हेंबरच्या त्या फोनपर्यंत कधी विषय काढला नव्हता.

तिला आता एकच हवं होतं. ती हॅट घालायची, पपांचा कान धरायचा आणि चौकाला एक फेरी मारायची. आईची जागा रिकामी असेल, तिथं एकदा उभं राहून यायचं. याचीच तिला इतकी ओढ लागली होती की तिने यानलाही सांगितलं नव्हतं. सांगताना रडू येईल अशी भीती होती.

"हॅट आणलीस ना?" पपांनी संत्र्यावरची नजर न काढता विचारलं.

"आणली."

"चेपली नाही ना?"

"सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसले होते, पपा."

पपांनी मान हलवली. काही सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण तेवढ्यात नोएमी आइस्क्रीमची गाडी आली म्हणून उठून धावली, आणि त्यांनी हातातली फोड तोंडात टाकली.

सोमवारी दुपारी जेवणं उरकल्यावर रोझलिन पपांच्या पाठीमागे उभी राहून झग्याचे हूक लावत होती.

"पोट आत घ्या."

"आतच आहे. बाहेर दिसतंय ते वेगळं."

ती झटापटीच्या तयारीत होती, पण हूक पटापट लागले. पपांचा घेर वाढेल तशी आई काखेखाली नवी पट्टी जोडायची. एक पडद्याच्या कापडाची होती, एक रोझलिनच्या लहानपणच्या झग्याची. आईचा टाका लांब आणि घाईचा. सगळ्यांत बाहेरची पट्टी मात्र नवीकोरी होती आणि तिचा टाका इतका बारीक, की बोट फिरवलं तरी लागू नये.

"ही कुणी लावली?"

"लिओनीनं. तुझ्या आईबरोबर चर्चमध्ये गायची ती." पपा आरशात बघून ओठ रंगवत होते. "हात चांगला आहे तिचा."

"चांगला आहे," रोझलिन म्हणाली.

ती खोलीत गेली. यानचा काळा कोट चढवला, जळक्या बुचाने मिशी काढली आणि हॅट डोक्यावर ठेवली. कागदाची घडी कपाळाला टेकली. आईचं डोकं आणि आपलं डोकं एकाच मापाचं निघालं, याचा तिला वेड्यासारखा आनंद झाला. ती बाहेर आली तेव्हा नोएमीने टाळ्या पिटल्या. पपा आरशापासून वळले आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग झगा सावरत पलंगाच्या कडेला बसले.

"अगदी आईसारखी दिसतेस," ते म्हणाले. त्यात आनंद होता, पण आणखीही काहीतरी होतं, आणि ते काय हे तिला कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. दारात साठीची बाई उभी होती. अंगात इस्त्रीचा काळा सूट, ओठावर रेखीव मिशी, हातात कार्निव्हलच्या गोड भज्यांची ताटली. दाट केस जाळीत घट्ट दाबून बसवलेले होते आणि डोकं उघडं होतं. कुणीतरी हॅट आणणार आहे, अशा बेताने केलेली सगळी तयारी. तिने रोझलिनकडे पाहिलं, हॅटकडे पाहिलं आणि मग पपांकडे. पपांनी नजर झग्याच्या लेसकडे वळवली.

लिओनीने ताटली खाली ठेवली. मग टेबलावरचं पांढरं कापड ओढून खांद्यावर घेतलं आणि त्याच्याच टोकाने मिशी पुसून टाकली.

"मी पाद्री व्हायला आलेय," ती म्हणाली. "गेल्या खेपेचा पाद्री पिऊन आला होता. निम्मे मंत्र गाळले मेल्यानं."

रोझलिनला कळलं. हॅट कुणासाठी मागवली होती, रविवारी पपा काय सांगणार होते, तो बारीक टाका काय होता, सगळं एकदम कळलं. हॅट काढून पुढे करायला कितीसा वेळ लागला असता? तिने ती काढली नाही. उलट भुवईपर्यंत खाली ओढली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय."

चर्चसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. दाढीवाल्या नवऱ्या पोटाशी उशा बांधून गरोदर झाल्या होत्या. यान लिओनीचा रात्रीचा गाउन घालून करवली झाला होता आणि ओळख ना पाळख अशी माणसं त्याच्या गालाचे मुके घेत होती. दोन वर्षं न दिसलेली नवरी पायऱ्या चढू लागली तसा एकच गलका झाला. "फुल्बेर, यंदा काय कारण?" लोक पपांना विचारत होते.

लिओनीने पाककृतींचं पुस्तक उघडलं आणि माशाच्या कालवणाची कृती धर्मग्रंथासारखी गाऊन म्हटली. लोक हसून बेजार झाले. मग तिने पुस्तक मिटलं.

"फुल्बेर, हा देखणा नवरा तुला पसंत आहे का?"

"नाही," पपा म्हणाले.

लोक हसले आणि कारणासाठी थांबले. कारण येईना. "पायांना वास येतो का त्याच्या?" कुणीतरी मदत केली. पपांनी ओठांवरून जीभ फिरवली, झग्याची लेस बोटांनी चुरगळली आणि एकदा, फक्त एकदाच, पाद्रीकडे पाहिलं. लिओनी मिटलेल्या पुस्तकाकडे बघत होती.

रोझलिनने पपांचा कान धरला. याच कानासाठी ती समुद्र ओलांडून आली होती. तो गरम होता, आईच्या हातात असेल तसाच मऊ, आणि तिने हलकेच ओढताच पपा निमूट वाकले. ती एक पायरी उतरली, तेही उतरले. ती चौकभर घेऊन गेली असती तर ते चौकभर आले असते, आणि उद्या, परवा, ती विमानात बसेपर्यंत चकार शब्द बोलले नसते. पुन्हा एकदा फोनवर म्हणाले असते, मी बरा आहे.

दुसऱ्या पायरीवर ती थांबली. त्यांना घेऊन परत वर चढली. हॅट काढली, आत बोट घालून कागदाची घडी बाहेर ओढली आणि हॅट लिओनीच्या डोक्यावर ठेवली. दाट केसांवर ती कागदाशिवाय बरोबर बसली.

"नको गं, बाळा," लिओनी हळूच म्हणाली. "तू एवढ्या लांबून आलीस."

"नवऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं," रोझलिन म्हणाली आणि तिच्या खांद्यावरचं टेबलाचं कापड काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तिचा आवाज चिरकला, पण खोट्या पाद्र्यांचे आवाज चिरकतातच. "फुल्बेर, हा नवरा पसंत आहे का?"

"हो," पपा म्हणाले.

या पायऱ्यांवर कुठली नवरी हो म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारी सुधारली रे!" आणि हास्याचा पूर आला, ढोल सुरू झाले. लिओनी हात अर्धवट उचलून तशीच उभी होती, कान धरावा की धरू नये या विचारात. पपांनीच मान वाकवून कान तिच्यापुढे केला.

नवरा-नवरी पायऱ्या उतरून निघाले. रोझलिनच्या मुठीत कागद होता. इतकी वर्षं एकाच डोक्याला टेकून त्याला बाक आला होता आणि तो सरळ होत नव्हता. तिने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मिशीवरून पाणी ओघळत होतं, ते तिने टेबलाच्या कापडाने पुसलं.

नोएमीने तिचा हात ओढला. "आई, म्हणजे आता आपण कुणाकडचे?"

झग्याचं मागचं टोक धुळीतून फरफटत चाललं होतं. रोझलिन ते उचलायला पुढे झाली.

"नवरीकडचे," ती म्हणाली. "धर दुसरं टोक."