शेवटच्या वळणाचा रिप्ले
शंतनूला ऑफिसात फिट आली, तेव्हापासून आमची होंडा जागची हललेली नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने परत आली नाही तर गाडी चालवा. इथं परदेशात, प्लेनोत, गाडी नाही म्हणजे पाय नसल्यातच जमा. साध्या दुधासाठी शेजारच्या राजेशच्या तोंडाकडे बघायचं, आणि त्याच्या बायकोनं नाक मुरडलं तरी आपण हसायचं. मी शिकले नाही असं नाही. दोनदा टेस्टमध्ये नापास झाले. हायवे दिसला की मी नुसता ब्रेकच दाबत सुटते.

मग यानं रॅलीचा गेम आणला. स्टिअरिंग, पेडल, सगळा थाट. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर नुसता चिखल उडवत बसायचा. मी कितीदा ओरडले, पण ऐकेल तर शपथ.

सोमवारी सहा महिने पुरे होत होते आणि डॉक्टरांकडे जायचं होतं. शनिवारी दुपारी मी शेजारी भाजी निवडत होते.

"सोमवारी येताना मीच ड्राइव्ह करणार," तो खेळता खेळता म्हणाला. "तुला कुठे जायचंय बोल."

"आधी इंडियन स्टोअर."

मी वर बघितलं तर डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. गेममधला रस्ता सांगणारा माणूस ओरडत होता, लेफ्ट, लेफ्ट. मी खांदा हलवला, हाका मारल्या.

थोड्या वेळानं तो भानावर आला आणि टीव्हीकडे बघत म्हणाला, "अरे, गाडी झाडावर कशी गेली?"

"तुला आत्ता फिट आली, शंतनू."

"काहीतरीच काय. लक्ष नव्हतं यार. डॉक्टरांना उगाच सांगू नकोस हं."

"कसं नको सांगू?"

"उत्तरा, प्लीज. पडलो का मी? तोंडाला फेस आला?"

रागही आला आणि त्याची कीवही आली. वाद घालून काही होणार नव्हतं. मी रिप्लेचं बटण दाबलं.

लाल गाडी झोकात वळणं घेत आली. मग सरळ रस्ता, मग डावं वळण. गाडी वळली नाही. मागचा ब्रेकचा दिवासुद्धा लागला नाही. तशीच भरधाव झाडात घुसली आणि आदळल्यावरही चाकं फिरतच राहिली. शेजारच्या सीटवर तो रस्ता सांगणारा बसलेला दिसत होता.

"परत लाव," शंतनू म्हणाला.

मी परत लावलं.

"त्या सीटवर तू असतीस," तो म्हणाला. मग उठला, दाराजवळची होंडाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला.

मी किल्ली घेऊन उभी. मला तर ती गाडी पार्किंगमधून बाहेर काढायचाही धीर होत नाही.