ओठकाकांची कल्पना

"मग? पुढे काय झालं?" कैचीने विचारलं आणि हातातला चमचा तसाच अधांतरी धरून ठेवला.

ओठकाकांनी उगाचच घसा खाकरला. या ऑफिसात आल्यापासून जेवणाच्या टेबलावर 'पुढे काय झालं' असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीठ इकडे सरकवा, पंखा जरा कमी करा, यापलीकडे त्यांच्याशी कुणाचं फारसं बोलणं होत नसे. आज मात्र अख्खं टेबल जेवायचं थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं आणि त्यांना ते फार गोड वाटत होतं.

"पुढे काय होणार? आमचा दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेलेला. हातात रिमोट, तो असा घट्ट. दादाला ऐकू कमी यायचं, त्यामुळे टीव्ही ठणाणा चालू. आणि टीव्हीवर काय, तर पोट कमी करायचा पट्टा! इकडे बायका रडतायत आणि तिकडे तो जाहिरातवाला ओरडतोय, आजच फोन करा, फरक तुम्हाला स्वतःला जाणवेल!"

टेबलावर हशा पिकला. कुणीतरी पाण्याचा ग्लास लवंडला.

"पण बंद का नाही केला कुणी?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे मालिकेचे दिग्दर्शक.

"करणार कसा? रिमोट दादाच्या मुठीत, प्लग कपाटामागे. आणि आमचे मामा म्हणाले, डॉक्टर येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. मग कोण लावतो? जो येईल तो आधी दादाकडे बघायचा, डोळे पुसायचा, टेकायचा आणि हळूहळू टीव्ही बघायला लागायचा. शेवटी मामांनीच खिशातून पेन काढलं आणि पट्ट्याचा नंबर तळहातावर लिहून घेतला."

साहेब डोळे पुसत होते. ओठकाका इथे थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं.

हे ऑफिस 'सुटला बिचारा' या मालिकेचं. मालिका कार्टूनची, पण पोरंबाळं झोपल्यावर मोठ्यांनी बघायची. छोटे छोटे सुटे प्रसंग, म्हणजे स्केच, आणि प्रत्येक भागात कुणी ना कुणी मरणारच. कधी लिफ्टमध्ये, कधी बढतीच्या मुलाखतीत, एकदा तर एक गृहस्थ स्वतःच्याच शोकसभेत भाषण लांबल्यामुळे दुसऱ्यांदा गेले होते. बघणारे पोट धरून हसत आणि मग आपण हसलो कशाला म्हणून ओशाळत. असं ओशाळले की साहेब म्हणत, जमलं. या मालिकेला रोज नवं खाद्य लागे, म्हणून जेवणाच्या वेळी एक रीतच पडून गेली होती. आपल्यावर जे काही वाईट गुदरलं असेल ते प्रत्येकाने सांगायचं. ज्याचं ऐकून सगळ्यांना ठसका लागेल, त्याचं कैची स्केच लिहायची. कैची ही लेखिका. कुणाच्याही संवादावर कात्री चालवताना तिला दयामाया नसे, म्हणून हे नाव. कुणी आपला घटस्फोट सांगे, कुणी मूळव्याधीचं ऑपरेशन. ओठकाका कधी काही सांगत नसत. दादा जाईपर्यंत त्यांच्यावर काही गुदरतच नव्हतं. लग्न राहून गेलं होतं, दादा-वहिनींच्या घरात ते लहानाचे मोठे आणि मोठ्याचे म्हातारे व्हायला आले होते.

त्यांचं काम ओठांचं. कलाकार आवाज देऊन जात, चित्रकार माणसं काढून देत आणि त्या माणसांच्या तोंडात ते बोलणं नीट बसवायचं काम ओठकाकांकडे. 'म' आला की ओठ मिटलेले, 'आ' आला की जबडा खाली, 'ओ'ला चंबू. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाची नजर बिघडते. ओठकाका समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या ऐवजी तोंडाकडे बघत. काचेच्या केबिनमध्ये साहेब फोनवर कुणाचा उद्धार करतायत, ते त्यांना बाहेर बसून शब्दन् शब्द कळे. ते बोलून दाखवत नसत, इतकंच.

"मग रिमोट सुटला कसा?" कैचीने विचारलं.

आता खरं म्हणजे जपून बोलायला हवं होतं. पण टेबल आपल्या बाजूचं झालेलं असताना तोंड आवरणं भल्याभल्यांना जमत नाही, ओठकाकांना तर त्याची सवयच नव्हती.

"वहिनींनी सोडवला," ते म्हणाले. "दादापुढे जाऊन बसल्या आणि म्हणतात कशा, 'द्या आता माझ्याकडे, आयुष्यभर तुम्हीच धरलात!' आणि दादाने दिला!"

हसून हसून साहेबांनी टेबलावर हात आपटले. कैची तर डबा बाजूला ठेवून तिथेच लिहायला बसली. आणि सगळ्यांत जास्त, सगळ्यांत मोठ्याने, ओठकाका स्वतः हसले.

घडलं होतं ते थोडं वेगळं. वहिनी दादाच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या. रडणाऱ्या बायकांकडे त्यांची पाठ होती. आतल्या खोलीच्या दारात ओठकाका एकटेच होते आणि फक्त त्यांनाच वहिनींचा चेहरा दिसत होता. वहिनींनी दादाचं एकेक बोट हलक्या हाताने चोळून मोकळं केलं आणि करता करता ते वाक्य म्हटलं. आवाज काढलाच नव्हता. काढला असता तरी जाहिरातवाल्याच्या ओरडण्यात कुणाला ऐकू गेला नसता. मग रिमोट घेऊन त्यांनी टीव्ही बंदही केला नाही. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये अशा बेताने आवाज हळूहळू कमी करत नेला.

हे त्यांनी टेबलावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं.

स्केच तयार झालं. एके दिवशी ओठकाकांच्या पडद्यावर ते ओठ बसवण्यासाठी आलं, आणि बघतात तर वहिनींच्या जागी एक आडवी-तिडवी बाई, कमरेवर हात ठेवून नवऱ्याच्या प्रेतावर खेकसतेय. रिमोट हिसकावून घेते, नवऱ्याला खुर्चीसकट बाजूला ढकलते आणि आपली मालिका लावून बसते. आवाज देणाऱ्या बाईंनी ते वाक्य असं काही ठोकून दिलं होतं की खिडकीच्या काचा हलाव्यात.

ओठकाका उठून कैचीकडे गेले.

"ते वाक्य जरा... म्हणजे आमच्या वहिनींना वाईट वाटेल गं."

कैचीने कानांतून इअरफोन काढले. मुलगी फटकळ होती, पण मनाने वाईट नव्हती. "काका, मग सांगितलंत कशाला? आणि तुम्हीच तर सगळ्यांत जास्त हसत होता."

"हो, ते झालं."

"तुम्ही म्हणत असाल तर काढते. आत्ता काढते. पण खरं सांगू? त्या वाक्याशिवाय स्केच उभं नाही राहत. साहेब सगळंच रद्द करतील." तिने इअरफोन टेबलावर ठेवले. "आणि मी साहेबांशी भांडून तुमचं नाव टाकून घेतलंय. सुरुवातीला, वेगळ्या पाटीवर. 'कल्पना' म्हणून. बोला, काढू?"

ओठकाकांचं नाव आजवर शेवटच्या यादीत धावत यायचं, तेही वाचता वाचता निघून जायचं. ते कैचीच्या टेबलाची कड नखाने खरवडत उभे राहिले. वहिनी लवकर झोपतात. कार्टून त्या बघत नाहीत. बघितलं तरी पडद्यावरच्या त्या जाड्या बाईचा आणि वहिनींचा काय संबंध?

"राहू दे," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी ते ओठ अगदी मन लावून बसवले. 'द्या'ला दात, 'माझ्याकडे'ला आधी मिटलेले आणि मग उघडे, 'आयुष्यभर'च्या 'भ'ला पुन्हा मिटलेले. काम चोख झालं. साहेबांनी खांद्यावर थाप मारली.

भाग लागला त्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असे. "आई, काकांचं नाव टीव्हीवर! मोठं, एकट्याचं!" त्याने फक्त सुरुवातीची पाटी पाहिली होती, तिचा फोटो काढला होता आणि पुढचं बघायच्या आत त्याला ऑफिसातून बोलावणं आलं होतं. वहिनींना एवढंच पुरे झालं.

"भाऊजी, मला सांगितलं नाहीत ते!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झिजलात, नाव आलं आणि घरच्यांनी बघायचं नाही होय?"

"अहो, कार्टून ते. तुम्हाला नाही आवडायचं."

"न आवडायला काय झालं? लावा बघू."

ओठकाकांनी नेट चालत नाही म्हणून सांगून पाहिलं, टीव्हीत बिघाड असल्याचं सांगून पाहिलं. वहिनींनी मुलाला फोन लावून मालिका कशी शोधायची ते विचारून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी शेजारच्या दोघी जणींनाही बोलावलं. चहा झाला, ताटलीत बिस्किटं आली. दादा गेला त्या दिवशी या दोघी याच सोफ्यावर बसून रडल्या होत्या. दादाची खुर्ची रिकामी होती, तिच्यात कुणी बसत नसे.

पाटी आली. "बघा, बघा, आमचे भाऊजी!" वहिनींनी खरोखर टाळ्या वाजवल्या. शेजारणींनीही वाजवल्या. ओठकाका त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. बसवत नव्हतं.

स्केच सुरू झालं. खुर्चीत गेलेला माणूस, मुठीतला रिमोट, पोटाचा पट्टा. सुरुवातीला तिघी पुढे झुकून बघत होत्या. मग पडद्यावरच्या मामांनी तळहातावर नंबर लिहायला घेतला आणि वहिनींना एकदम हसू फुटलं. "अगं बाई, हे आमचे मामाच की! खरंच लिहून घेतला होता हो त्यांनी! आणि पट्टा मागवलाही!" शेजारणीही मोकळेपणी हसल्या. ओठकाकांच्या मनात एक वेडी आशा आली, की हे सगळं हसण्यावारी जाईल.

मग ती जाडी बाई आली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "द्या आता माझ्याकडे! आयुष्यभर तुम्हीच धरलात!"

वहिनी हसत होत्या त्या थांबल्या. मागून ओठकाकांना त्यांची फक्त मान दिसत होती. ती मान हलली नाही.

"अय्या, तुम्ही असं म्हणाला होतात?" एका शेजारणीने त्यांच्याकडे वळून विचारलं. डोळ्यांत अजून हसू होतं, पण थोडी भीडही होती.

"छे हो!" वहिनी म्हणाल्या. "मी कसली म्हणते! ते लिहिणाऱ्यांनी घातलं असणार. लोकांना हसवायला काहीतरी लागतंच ना." आणि त्यांनी बिस्किटांची ताटली तिच्यापुढे केली. "घ्या, उरलीत की."

दोघी गेल्यावर वहिनी कप घेऊन मोरीकडे वळल्या. ओठकाका दारापर्यंत मागे गेले.

वहिनींनीच विचारलं, नळ चालू ठेवून. "टीव्ही तेव्हा एवढा ओरडत होता. मी तोंडातून आवाजसुद्धा काढला नव्हता. तुम्हाला ऐकू कसं गेलं, भाऊजी?"

"ऐकू नाही गेलं. दिसलं."

वहिनींना ते कळायला थोडा वेळ लागला. "दारातून?"

"हो."

त्यांनी एक कप विसळला, पालथा घातला. दुसरा घेतला. "त्या दिवशी सकाळी ते उठायच्या आत मी बाहेर पडले होते. आले तर हे असं. आमचं शेवटचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. तेही माझं एकटीचंच." त्यांचा आवाज साधाच होता, रोजचा. "त्यांच्यावर ओरडले नव्हते हो मी. चिडले तर मुळीच नव्हते."

"मला माहीत आहे, वहिनी. चुकलं माझं. काढायला सांगायचं हातात होतं, तरी नाही सांगितलं." ओठकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटत होती.

वहिनींनी नळ बंद केला. "नाव छान दिसत होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "ठळक होतं." आणि हात पुसून आत निघून गेल्या.

रात्री त्यांनी नेहमीसारखं वाढलं. भाजीत मीठ बरोबर होतं, पोळी गरम होती, ओठकाकांना आग्रहाने अर्धी जास्त वाढली. दुसऱ्या दिवशी डबाही वेळेवर भरून ठेवला. ओठकाका त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत, आपल्या पडद्यासमोर बसूनच त्यांनी तो संपवला. कैचीने दोनदा हाक मारली तर काम आहे म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्यावर ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. भाजी चिरत होत्या आणि चिरता चिरता, आवाज न काढता, कुणाशी तरी बोलत होत्या. अधूनमधून मान हलवत होत्या, एकदा किंचित हसल्यादेखील. ओठकाकांची नजर सवयीने त्यांच्या ओठांकडे गेली.

वहिनींनी त्यांना पाहिलं. बोलणं मात्र मध्येच तोडलं नाही. सुरी खाली ठेवली, डावा हात उचलून तोंडापुढे आडवा धरला आणि त्याच्या आड राहिलेलं वाक्य पुरं केलं.

मग हात खाली घेत म्हणाल्या, "पाणी हवंय का, भाऊजी?"